दोन ड्रोबे

डोळ्यांच्या औषधाच्या बाटलीवर डॅनिशमध्ये लिहिलं होतं: रोज दोन ड्रोबे, म्हणजे प्रत्येक डोळ्यात एक थेंब.

"एवढ्यासाठी नर्सला, इंगरलिसेला, रोज पाठवणं नगरपालिकेला परवडत नाही, आजोबा," अधिकारी बाई म्हणाल्या. "तुमचे तुम्ही घालून दाखवा बघू."

"आजोबा कुणाला म्हणतेस गं? पन्नास वर्षं कर घेताना बरा परवडलो!" एगोन कडाडला. त्याने बाटली हिसकावली. थरथरत्या हातातून एक थेंब नाकावर पडला, दुसरा मिशीत. "झालं समाधान?"

बाईंनी ओशाळून इंगरलिसेच्या फेऱ्या चालू ठेवल्या आणि त्या निघाल्या.

दार लागलं. एगोन धुमसतच टेबलाशी बसला. डोळ्याला भिंग लावून त्याने इंगरलिसेच्या बंद पडलेल्या घड्याळात, मोहरीएवढ्या चाकावर, तेलाचा एक थेंब सोडला.

हात जराही हलला नाही.