वाघबारशीचा नारळ

खोडाळ्याच्या बाजारातून आणलेला नारळ घेऊन हिरी लेकाच्या लॅपटॉपसमोर बसली. “तुषार, आज वाघबारस हाय. तुझा नकाशा उघड, वाघदेवापुढं नारळ फोडायचाय.” धरणात त्यांचा पाडा बुडाला तेव्हा वेशीवरचा वाघदेवाचा दगडही पाण्याखाली गेला होता. पुढे तुषारने लढाईच्या ऑनलाइन गेमसाठी नकाशा, म्हणजे खेळातली रणभूमी, बनवला, त्यात तोच पाडा उभा केला, नागलीच्या शेतांसकट, दगडासकट. तेव्हापासून हिरी दरसाल स्क्रीनलाच हात जोडायची. इकडे नकाशा जगभरच्या पोरांनी डोक्यावर घेतला. कालच तो गेमच्या सगळ्या नकाशांत पहिल्या नंबरावर पोचला. तुषारने नाइलाजाने तो उघडला. वेशीवर मोकळं मैदान होतं. “देव कुठं गेला रं?” “काढला, आये. खेळणाऱ्यांच्या फौजा तिथं अडायच्या. दगड काढला तेव्हाच नकाशा वर गेला.” हिरीने नारळ पदराआड घेतला. “धरणवाल्यांनाबी देव आडवाच येत व्हता,” ती म्हणाली, “पण ते परके व्हते.”