शुद्ध दुधाचे पेढे

बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर बायांच्या लेकरांसाठी दूध पावडरची सरकारी पोती यायची. मग ती बंद झाली. "वरनंच माल न्हाय, मालनबाई," दूध वाटणाऱ्या सोसायटीचे चेअरमन बब्रुवानराव म्हणाले. कामावरच्या मालनबाईचा रांगता नातू पिठाच्या पाण्यावर राहिला.

आजारी बहिणीला बघायला ती राज्याच्या सरहद्दीपलीकडं आळंदला गेली, तर एका हलवायाच्या भट्टीमागं तीच पोती रचलेली. पोत्यांवर तेच, अमेरिकेच्या मदतीचं हातात हात दिलेलं चित्र.

"तुमच्याकडनंच येतंय ट्रकनं. लई दिवस झाले," हलवायाचा गडी सहज बोलून गेला.

परतल्यावर मालनबाई थेट तालुक्याला तहसीलदाराकडं गेली. "साहेब, आमच्या लेकरांचं दूध पलीकडं पेढ्यात चाललंय वो," तिनं सगळं सांगितलं. साहेबांनी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि लगेच तस्करीविरोधी दक्षता समिती नेमली. अध्यक्ष म्हणून बब्रुवानरावांना बसवलं.

गळ्यात हार घालूनच ते कामावर आले आणि स्वतःच्या हातानं पेढे वाटू लागले. "घ्या, घ्या! मुद्दाम आळंदहून मागवलेत. शुद्ध दुधाचे!"

मालनबाईच्याही हातात एक आला. पेढा त्यांच्या तोंडावर फेकायला तिनं हात उचलला, तेवढ्यात कडेवरच्या नातवानं तो ओढून तोंडात कोंबला. तिला तो काढून घेववला नाही.



कित्येक आठवड्यांत त्याच्या पोटात गेलेलं तेवढंच दूध होतं.