जाताना दोघं

जायकवाडीत मासे धरणाऱ्या पुंजाराम आणि गोकुळ या सख्ख्या भावांनी होडीच्या वाटणीवरून वल्ह्यांनी एकमेकांची डोकी फोडली होती. टाके ओले असतानाच धाकटा गोकुळ होडीला इंजिन बघायला माझ्या गारखेड्यातल्या दुकानात आला.

"किती हॉर्सपॉवरचं लागंल?"

"माणसं किती बसणार, त्यावर आहे."

"जाताना आमी दोघं भाऊ. येताना मी एकटाच."

तो हसला नाही. तो गेल्यावर मी पुंजारामला फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडं कोयता घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.



"तेच इंजिन द्या त्याला. येताना एकच, हे बरोबर हाय त्याचं. माणूस तेवढा चुकलाय."