तीन डब्या, एकच गोळी

डॉक्टरांनी आमची औषधांची पिशवी टेबलावर उपडी केली आणि डोकंच धरलं. "अहो, या तिन्ही डब्यांत व्हिटॅमिन डीच आहे! म्हणून उलट्या होतायत यांना. किडनीवर ताण आलाय."

मी ह्यांच्यावर उखडलेच. "एक पुरे, एक पुरे म्हणून कानीकपाळी ओरडत होते ना मी?"

"एक लेकीनं पाठवलेली, एक थोरल्यानं, एक धाकट्यानं," हे पुटपुटले. "रोज फोनवर विचारतात, बाबा, माझी गोळी घेतलीत ना? खोटं कसं बोलू? आणि गोळी बंद केली, तर फोन तरी कशाला करतील?"

मी तिथेच मोबाइल काढला आणि घरच्या ग्रुपवर बोलून पाठवलं, "बाबांच्या गोळ्या बंद. आता रोज फोन करून 'जेवलात का' विचारायचं. आणि हो, मलाही!"