सापडलेलं उत्तर

"साहेब, आम्हा दोघी बहिणींले एकच आजार हाये. मंग मी कबड्डी खेळते अन् ती पडून काऊन राह्यते?"

कॉलेजच्या हॉलमध्ये पाहुण्यांच्या सत्कारानंतर प्रश्नोत्तरं चालू होती. मागे स्वागतगीताच्या मुलींत खसखस पिकली. "त्या टायवाल्याले विचारून दाखव, तं मानलं तुले," ही पैज त्यांनीच लावली होती. मागच्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात बोलणाऱ्या सुरभीनं चक्क माईक हातात घेतला होता.

टायवाले साहेब एका औषध कंपनीचे होते. दवाखान्याच्या कॉलेजातली धनंजय सरांची लॅब कंपनीच्या पैशावर चालायची. सिकलसेलमध्ये रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. सुरभीच्या कमी वाकायच्या, धाकट्या पौर्णिमाच्या भराभर. असं का, तेच सरांना शोधायचं होतं. त्यासाठी दोघी लहानपणापासून लॅबमध्ये हात पुढे करत आल्या होत्या. पौर्णिमाची नस लवकर सापडतच नसे. ती बिचारी डोळे मिटून पाढे म्हणायची.

साहेबांनी गळ्यातली सुताची माळ सारखी केली. "व्हेरी गुड! अगं, त्याचं उत्तर तुझ्या सरांना सापडलंसुद्धा."

टाळ्या पडल्या. सुरभीला तर उडीच मारावीशी वाटली. "मंग सांगा ना!"

"ते आता कंपनीचं आहे, बेटा. आणि सध्या आम्ही या आजाराचं काम थांबवलंय." साहेबांनी हसून पुढच्या मुलीकडे बोट केलं.

कार्यक्रम संपल्यावर तिनं धनंजय सरांना जिन्यात गाठलं. "सर, खरं हाये हे?"

"करारावर माझी सही आहे, सुरभी. कंपनी हो म्हणेपर्यंत छापता येत नाही. दुसऱ्या लॅबला सांगता येत नाही."

"पौर्णिमाले बी नाई?"

सर जिना उतरून गेले.

पौर्णिमा वरच्याच वॉर्डात होती. या महिन्यात दुसऱ्यांदा. इंजेक्शन देऊन तिला नुकतंच झोपवलं होतं. झोपेतही गुडघे पोटाशीच होते. आई तिचे पाय चेपत होती. सुरभीनं घडलेलं सगळं सांगितलं.

"हळू बोल," बाबांनी दाराकडे पाहिलं. "लॅबवाल्यायमुळंच खाट फुकट भेटली आपल्याले. भांडू नको कोणाशी."

"भांडून नाई राह्यली. सर बांधल्या गेले, बाबा. पण दुसऱ्या कोणाले रक्त देणार नाई, अशी सही आपण केलती का?"

बाबांनी आठवून पाहिलं. "नाई. तशी तं नाई केली."

"पुन्हा पहिल्यापासून?" आई म्हणाली. "किती वर्षं लागतीन माय! तवापर्यंत हे पोरगी..." पुढचं तिनं पदरात कोंबलं.

पौर्णिमा झोपेत कण्हली. सुरभीनं तिच्या पायावरची चादर सारखी केली. आवाज आपोआप खाली आला.

"आई, बाबा, सोमवारी मी नागपूरच्या सरकारी लॅबमध्ये जाऊन राह्यली. उत्तर ठेवू द्या त्यायच्यापाशी. रक्त तं माह्यापाशी हाये. आपल्या पौर्णिमाच्या वेळेवर नाई पोचलं, तं दुसऱ्या कोणाच्या बहिणीच्या पोचन."