उघडी मनगटं
"बांगड्या काढा, आजी," जळगावच्या दवाखान्यात कार्डिओग्रामचे चिमटे लावताना नर्स म्हणाली आणि दोन्ही मनगटं उघडी पाहून वरमली. भिकुबाईचं कुंकूही घामानं पुसलेलं. "यजमान कधी गेले?" नर्सनं शेजारी उभ्या रुपचंदनानांनाच विचारलं. सकाळी सासर सोडून आलेल्या लेकीला बायकोनं घरात घेतलं म्हणून, "मी मरनू समज," ओरडत नानांनीच भिकुबाईच्या बांगड्या उंबऱ्यावर फोडल्या होत्या. तिच्या छातीतली कळही त्यांना सोंगच वाटली होती. "मालक तं ह्या उभा शेतस!" भिकुबाई कशीबशी हसली. "कापूस येचतांना फुटन्यात, बाई." "हा हार्टअटॅक असेल, नाहीतर मनाला बसलेला धक्का. दोन्हींत आलेख सारखाच येतो," पट्टी पाहून डॉक्टर म्हणाले. "घरात काही घडलं का? औषध त्यावर ठरेल." "काहीच नही," भिकुबाई म्हणाली. नानांनी टोपी काढली. "ती खोटं बोलस, डॉक्टर. बांगड्या मीच फोड्यात."