तांदळाचा लेप

सकाळी सातला सुकन्याच्या तोंडावरचा लेप वाळून कडक झाला होता. रात्री झोपताना तिच्या आईनं, अव्वानंच तो लावला होता. शिजवलेला तांदूळ दुधात वाटून, वर चमचाभर मध. रातभर ठेवला की उन्हानं रापलेला चेहरा उजळतो, असं मोबाइलवर कुणी बाई सांगत होती. अकराला उदगीरचे पाहुणे मुलगी बघायला येणार होते.

सुकन्या तोंड धुवायला निघाली आणि फोन वाजला. पलीकडच्या वस्तीवरून मल्लम्माची सून बोलत होती.

"ताई, पहाटेपासून लाइट न्हाई. सासूबाईचं ऑक्सिजनचं मशीन बंद हाय. सिलिंडर लावलाय, पण तो तीन तास बी पुरायचा न्हाई."

सुकन्या गावची वायरमन होती. आज तिची रजा होती, पण बदलीचा माणूस जळकोटला होता आणि त्याला यायला दुपार झाली असती. तिनं हेल्मेट आणि हातमोजे घेतले.

"तोंड तरी धू," अव्वा म्हणाली.

"भिजवून सुटायला वेळ लागतो, अव्वा. आल्यावर धुते."

ओसरीवर गुंडप्पा कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बसला होता. गावात त्याचं किराणा दुकान होतं. त्यानं लेकीकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "पाहुण्यास्नी काय सांगितलंय, ध्यानात हाय ना?"

"मला ध्यानात हाय, अप्पा. मी ऑफिसात लिहायचं काम करती," सुकन्या म्हणाली आणि गाडीला किक मारली.

हे लिहायच्या कामाचं खोटं मध्यस्थ माणिकप्पानं रचलं होतं. सोयरीक त्यानंच आणली होती. खांबावर चढणारी सून कोण करून घेईल, असं तो म्हणाला होता. गुंडप्पा तेव्हा गप्प बसला होता.

साडेआठला माणिकप्पाचा फोन आला. साडेदहाला राहुकाळ लागतो म्हणून पाहुणे लवकर निघाले होते, फाट्यापर्यंत पोचलेही होते. गुंडप्पा लेकीला आणायला धावतच निघाला.

वस्तीच्या वळणावर बाभळीची मोठी फांदी तारेवरून रस्त्यात आडवी पडली होती. दोन माणसं कुऱ्हाडीनं ती तोडत होती. सुकन्यानं सबस्टेशनला फोन करून लाइन बंद असल्याची खात्री करून घेतली होती, आणि आता ती वस्तीवरची शिडी लावून खांबाच्या पार टोकाला होती. कमरेला पट्टा, दोन्ही हात तुटलेल्या तारेत. घामानं लेपाला भेगा गेल्या होत्या. पांढरे पापुद्रे सुटून खांद्यावर पडत होते.

तिची नोकरी लागून तीन वर्षं झाली होती. तिला वर चढलेलं गुंडप्पानं आज पहिल्यांदा पाहिलं. तो हाक मारायला आला होता, पण त्यानं हाक मारली नाही.

तेवढ्यात जीप येऊन फांदीशी थांबली. आधी माणिकप्पा उतरला, मग नवरा मुलगा श्रीशैल, मग त्याची आई. आईनं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

"ती पांढऱ्या तोंडाची कोण हाय वर?"

"गावातली वायरमन असंल कुणी," माणिकप्पा घाईनं म्हणाला. "चला, इथून पायीच जाऊ घरला. जवळच हाय." त्यानं गुंडप्पाला डोळ्यानं खुणावलं.

गुंडप्पानं सदऱ्याची बाही सारखी केली.

"माझी लेक हाय ती," तो म्हणाला. "सुकन्या. ऑफिसात लिहीत न्हाई. खांबावर चढती. तुम्हाला खोटं सांगितलं गेलं, अन् मी ते चालवून घेतलं. माझी चूक हाय." मग थोडं थांबून म्हणाला, "तुम्ही येणार म्हणून रात्री तोंडाला तांदूळ लावला होता. धुवायला सवड न्हाई मिळाली. त्या समोरच्या घरात एका बाईचं श्वासाचं मशीन बंद पडलंय."

फांदी तोडणाऱ्यांच्या कुऱ्हाडी थांबल्या होत्या.

वरून सुकन्याचा आवाज आला. "अप्पा, शिडी हलूलालीय, धरा जरा."

गुंडप्पा पुढं गेला. चिखलानं भरलेली शिडी त्यानं दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली.

जीपच्या मागं एसटी येऊन उभी राहिली. कंडक्टरनं दारातून डोकं बाहेर काढलं. "ओ काका, रस्ता कधी मोकळा होणार?"

"माझ्या लेकीचं काम झाल्यावर," गुंडप्पा मागं न बघता म्हणाला.

साडेनवाच्या आत काम झालं. माणसं तारेखालून बाजूला झाली. सुकन्यानं उतरून सबस्टेशनला फोन केला, आणि जरा वेळानं समोरच्या घरातून मल्लम्माची सून पळतच बाहेर आली. तिनं मान हलवली. मशीन सुरू झालं होतं.

श्रीशैलची आई सुकन्याजवळ आली. तिनं तिच्या हातमोज्यांकडं पाहिलं, मग खांबाकडं.

"लग्नानंतर बी हेच करणार का?"

"हाव," सुकन्या म्हणाली.

बाईनं मुलाकडं वळून पाहिलं. "मग उदगीरला बदली मिळती का, ते इचारावं लागंल की रे."

श्रीशैल हसला. माणिकप्पा रुमालानं मान पुसत राहिला. फांदी बाजूला ओढली गेली, एसटी पुढं निघाली, आणि खिडक्यांतली माणसं वळून वळून बघत गेली.

सुकन्या केव्हाच खाली आली होती. गुंडप्पा अजून शिडी धरून उभा होता.